दिशा, कोन आणि चिन्ह : मुंबईच्या ज्ञानव्यवहारातील धन-ऋण संकेतांचा ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

गणिताच्या व्यवहारात सर्वांत लहान दिसणारी आणि सर्वांत अधिक फसविणारी गोष्ट म्हणजे चिन्ह होय. संख्या चुकली तर उत्तर थोडेफार चुकते. परंतु चिन्ह चुकले तर दोष दुप्पट होतो. ज्या ठिकाणी बारा मिळवावयाचे तेथे बारा वजा केले, तर उत्तर बाराने नव्हे, चोवीसने चुकते. कोन व दिशा यांच्या मोजणीत हा धोका अधिक असतो. कोन कोठून मोजावयाचा, कोणत्या बाजूस वळल्यास तो धन मानावयाचा आणि मोजणारा कोणत्या बाजूने पाहत आहे, या तीन गोष्टी निसर्गाने ठरवून दिलेल्या नाहीत. त्या माणसांनी आपापसांत केलेल्या कराराचा भाग आहेत. असा करार स्थळाप्रमाणे, काळाप्रमाणे आणि व्यवसायाप्रमाणे बदलत आला आहे.

एकोणिसाव्या शतकातील मुंबई हे अशा अनेक करारांचे संगमस्थान होते. गिरगावातील ज्योतिषी एका रीतीने दिशा मोजत होते, बंदरातील खलाशी दुसऱ्या रीतीने, कुलाब्याच्या वेधशाळेतील निरीक्षक तिसऱ्या रीतीने, आणि एल्फिन्स्टन संस्थेत त्रिकोणमिती शिकणारा विद्यार्थी चौथ्या रीतीने. विसाव्या शतकाच्या आरंभी तर अशाच एका चिन्हाचा प्रश्न परळ-लालबागच्या गिरणगावापर्यंत जाऊन पोहोचला. या सर्व रीतींचा एकत्रित विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) भारतीय सिद्धांत-परंपरेत दिशा व धन-ऋण यांचा संबंध कसा जोडला होता, हे पाहणे.
२) आधुनिक वेधशाळा, सर्वेक्षण व शिक्षण यांच्याबरोबर मुंबईत आलेल्या संकेतांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) चिन्हसंकेतांचा सामान्य जनांच्या जीवनावर झालेला परिणाम उदाहरणांच्या आधारे तपासणे.
४) या इतिहासातून आजच्या अध्यापनास उपयुक्त ठरेल असा निष्कर्ष काढणे.

३. सिद्धांत-परंपरा : चिन्हाच्या जागी दिशेचे नाव

धन आणि ऋण हे शब्द मूळचे व्यापारातील आहेत. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन, ऋण व शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे व गुणाकाराचे नियम दिले. धन म्हणजे संपत्ती व ऋण म्हणजे कर्ज. या शब्दांतच एक सूचना दडलेली आहे. एकाचे ऋण ते दुसऱ्याचे धन असते. म्हणून रक्कम धन की ऋण, हे ठरविण्यापूर्वी ती कोणाच्या खात्यावर मांडली आहे, हे ठाऊक असावे लागते. हाच नियम दिशांनाही लागू पडतो.

मात्र दिशांच्या बाबतीत आपल्या ज्योतिर्विदांनी धन-ऋण चिन्हांपेक्षा दिशांची नावेच वापरणे पसंत केले. सूर्याची क्रांती उत्तर किंवा दक्षिण असते, ग्रहाचा शरही उत्तर किंवा दक्षिण असतो. अशा दोन राशी एकत्र करावयाच्या असल्यास नियम असा : दिशा एकच असेल तर योग करावा, दिशा भिन्न असतील तर अंतर करावे आणि जी राशी मोठी असेल तिची दिशा उत्तरास द्यावी. या क्रियेस ‘संस्कार’ असे नाव आहे. आजच्या भाषेत ही चिन्हांसह केलेली बेरीजच आहे. फरक इतकाच की येथे चिन्ह हे आडव्या रेघेच्या रूपात नसून ‘उत्तर’ व ‘दक्षिण’ या शब्दांच्या रूपात उभे आहे.

याचे मुंबईपुरते उदाहरण घेऊ. कुलाब्याचे अक्षांश सुमारे १८ अंश ५४ कला आहेत. आजचा नकाशा या अक्षांशांना ‘उत्तर’ म्हणतो, कारण मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे. परंतु सिद्धांतग्रंथांत हेच अक्षांश ‘दक्षिण’ समजले जातात. भूगोलकार विषुववृत्तावर उभा राहून मुंबईकडे पाहतो, तर ज्योतिषी मुंबईत उभा राहून आकाशातील विषुववृत्ताकडे पाहतो, आणि ते त्याला आपल्या डोक्यावरील खस्वस्तिकाच्या दक्षिणेस दिसते. कोन एकच, मापही एकच. पाहणाऱ्याची जागा बदलताच दिशेचे नाव उलटे झाले.

आता मध्यान्हीच्या सूर्याचे नतांश, म्हणजे खस्वस्तिकापासून सूर्याचे अंतर, काढू. २२ डिसेंबरच्या सुमारास क्रांती दक्षिण २३ अंश २६ कला असते. अक्षांशही दक्षिण. दोन्हींची दिशा एक, म्हणून योग : ४२ अंश २० कला दक्षिण. २१ जूनच्या सुमारास क्रांती तितकीच, परंतु उत्तर. दिशा भिन्न, म्हणून अंतर : ४ अंश ३२ कला, आणि क्रांती मोठी असल्यामुळे उत्तर. याचा अर्थ, जूनमध्ये मुंबईत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो व उभ्या काठीची सावली दक्षिणेकडे पडते. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस हे नतांश शून्य होतात व काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. वर्षातून दोनदा मुंबईच्या सूर्याचे चिन्ह बदलते, असे म्हणण्यास हरकत नाही. मेच्या अखेरीस, पावसाळी ढग येण्यापूर्वी, गिरगावातील एखाद्या चाळीच्या गच्चीवरून हे कोणासही पडताळून पाहता येईल.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावयास हवी. घड्याळाचे काटे ज्या दिशेने फिरतात ती दिशा उत्तर गोलार्धातील सावलीच्या घड्याळांवरून आली, असे सामान्यतः मानले जाते. कर्कवृत्ताच्या उत्तरेस सावली नेहमी पश्चिमेकडून उत्तरेमार्गे पूर्वेकडे जाते. परंतु मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हाच्या सुमारास येथील सावली पश्चिमेकडून दक्षिणेमार्गे पूर्वेकडे, म्हणजे काट्यांच्या विरुद्ध फिरते. ‘सूर्य फिरतो तसे’ एवढ्या आधारावर वळणाची धन दिशा ठरविता येत नाही, याचा याहून सोपा पुरावा सापडणार नाही.

आपल्या नित्य आचारांतही दोन्ही वळणे नांदत आहेत. देवाला घातलेली प्रदक्षिणा उजव्या हाताने, म्हणजे काट्यांच्या दिशेने असते. पूर्वेकडे तोंड केले असता उजवा हात ज्या बाजूस येतो ती दक्षिण, असा ‘दक्षिण’ या शब्दाच्या दोन अर्थांचा मेळ आहे. उलटपक्षी, महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या जन्मकुंडलीतील स्थाने काट्यांच्या विरुद्ध दिशेने मोजली जातात, तर दक्षिण भारतातील कुंडलीत राशी काट्यांच्या दिशेने मांडलेल्या असतात. एकाच घरात प्रदक्षिणा एका बाजूने आणि कुंडली दुसऱ्या बाजूने जात असूनही कोणाचा गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक ठिकाणची रीत परंपरेने पक्की झालेली आहे.

रीत पक्की असली तरी ती सर्व ग्रंथांत एकच असते असे नव्हे. ग्रहाची मंदफल नावाची दुरुस्ती काढण्यासाठी आधी ‘केंद्र’ नावाचा कोन घ्यावा लागतो. सूर्यसिद्धांतात मंदोच्चातून ग्रह वजा करून हे केंद्र घेतात. म्हणून केंद्र मेषादी सहा राशींत असता फल धन आणि तुलादी सहा राशींत असता ऋण होते. बाराव्या शतकातील भास्कराचार्य सिद्धांतशिरोमणीत ग्रहातून मंदोच्च वजा करतात. त्यामुळे त्यांच्याकडे मंदफल तुलादी केंद्रात धन व मेषादी केंद्रात ऋण ठरते. वजाबाकीचा क्रम उलटला, चिन्हाचा नियमही उलटला, आणि ग्रहाचे स्थान मात्र एकच आले. दोन्ही ग्रंथ बरोबर आहेत. चूक होते ती एका ग्रंथाचे केंद्र आणि दुसऱ्या ग्रंथाचे चिन्ह घेणाऱ्याची.

४. देशांतर : उज्जयिनीच्या पश्चिमेची मुंबई

सिद्धांत-परंपरेची मूळ मध्यरेषा लंका व उज्जयिनी यांवरून जाते. ग्रंथात दिलेल्या रीतीने काढलेले मध्यम ग्रह या रेषेवरील मध्यरात्रीचे असतात. अन्य स्थळासाठी त्यांना देशांतर-संस्कार द्यावा लागतो. सूर्यसिद्धांताचा नियम असा की, रेषेच्या पूर्वेस असलेल्या स्थळी हा संस्कार ऋण आणि पश्चिमेस धन असतो.

आधुनिक भूगोल शिकलेल्या वाचकास हा नियम उलटा वाटण्याचा संभव आहे, कारण पूर्वेकडे गेले की वेळ मिळवावयाची, असे आपण शिकतो. दोन्ही नियम बरोबर आहेत. ते दोन निरनिराळ्या राशींना लागू आहेत. मुंबई उज्जयिनीच्या पश्चिमेस सुमारे तीन अंश आहे. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने मुंबईची मध्यरात्र उज्जयिनीनंतर सुमारे १२ मिनिटांनी होते. तेवढ्या वेळात चंद्र सुमारे साडेसहा कला पुढे सरकतो. म्हणून मुंबईच्या मध्यरात्रीचा चंद्र हवा असल्यास उज्जयिनीच्या चंद्रात साडेसहा कला मिळवाव्या लागतात. परंतु उज्जयिनीच्या स्थानिक वेळेवरून त्याच क्षणी मुंबईची वेळ हवी असल्यास त्यातून १२ मिनिटे वजा करावी लागतात. स्थळ तेच, अंतर तेच. ग्रहाला धन आणि घटिकेला ऋण.

समजा, मुंबईतील एखाद्या गणकाने पूर्व-पश्चिमेचा नियम विसरून मिळविण्याऐवजी वजा केले. मग त्याचा चंद्र १३ कलांनी मागे राहील आणि त्याने काढलेला तिथीचा अंत सुमारे २४ मिनिटे उशिरा येईल. हा दोष केवळ कागदावर राहणारा नाही. अनेक व्रते व सण सूर्योदयास असलेल्या तिथीवर ठरतात. सूर्योदयापूर्वी दहा मिनिटे संपलेली तिथी अशा गणनेत सूर्योदयानंतर चौदा मिनिटे टिकलेली दिसेल, आणि एका कुटुंबाचा उपवास शेजारच्या कुटुंबापेक्षा एक दिवस वेगळा पडेल.

महाराष्ट्रातील पंचांगकर्ते दीर्घकाळ ज्या ग्रंथावर अवलंबून राहिले तो गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव शके १४४२ मधील, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमाराचा आहे. हे गणेश दैवज्ञ मुंबईच्या दक्षिणेस कोकण किनाऱ्यावरील नांदगावचे. त्यांनी ज्या-कोटिज्यांची आकडेमोड टाळून सुलभ रीती दिल्या, आणि त्यामुळे सामान्य ज्योतिष्यालाही पंचांग करणे शक्य झाले. परंतु ज्या वगळता आल्या तरी दिशा वगळता आल्या नाहीत.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत छापलेली पंचांगे दूरवर जाऊ लागली. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे नाव या संदर्भात सर्वपरिचित आहे. हाताने लिहिलेले पंचांग बहुधा ज्या गावी केले त्या गावापुरतेच चालत असे. छापील पंचांग मात्र शेकडो मैलांवर वाचले जाते. अशा वेळी स्वतःच्या गावासाठी मिनिटे मिळवावयाची की वजा करावयाची, हा निर्णय गणकाकडून वाचकाकडे येतो.

५. एल्फिन्स्टन संस्था आणि कुलाबा वेधशाळा

पाश्चात्त्य गणित मराठीत आणण्याचे काम मुंबईत १८२० च्या दशकातच सुरू झाले होते. जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने ‘शिक्षामाला’ हा गणिताचा अभ्यासक्रम मराठीत सिद्ध केला. पुढील पिढीत बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करीत होते, आणि काही काळ कुलाबा वेधशाळेची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. ‘दर्पण’कार म्हणून परिचित असलेल्या जांभेकरांचे हे अंग तुलनेने कमी चर्चिले गेले आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित निरीक्षणे सुरू झाली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी येथेच साहाय्यक म्हणून काम केले. पुढे १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला व युरोपीय कोष्टकांवर आधारलेली ग्रहगणना येथील पंचांगकर्त्यांच्या हाती दिली. एका परंपरेतील संख्या दुसऱ्या परंपरेत नेताना चिन्हांचे भाषांतर करावेच लागते. युरोपीय कोष्टके संपातापासून म्हणजे सायन मापाने ग्रह देतात, तर आपले पंचांग निरयण असते. म्हणून अयनांश वजा करावे लागतात. अयनांश किती घ्यावेत यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला आणि १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या ज्योतिष-संमेलनात लोकमान्य टिळकांसह अनेकांनी त्यावर विचार केला. उल्लेखनीय गोष्ट अशी की, मतभेद संख्येविषयी होता. ती वजा करावी याविषयी निरयण गणना मानणाऱ्यांत दुमत नव्हते. संकेत सर्वमान्य असला म्हणजे वाद मूळ मुद्द्यावर होऊ शकतो.

कुलाब्याच्या चुंबकीय निरीक्षणांत चिन्हाचे महत्त्व विशेष होते. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून ज्या कोनाने ढळते त्यास चुंबकीय दिक्पात म्हणतात. सुई पूर्वेकडे ढळली तर पूर्व दिक्पात व पश्चिमेकडे ढळली तर पश्चिम दिक्पात. आधुनिक संकेतानुसार पूर्व धन व पश्चिम ऋण. पृथ्वीवरील अनेक स्थळी दिक्पात दहा-वीस अंशांचा असतो. तेथे काही कलांच्या चढउताराने चिन्ह बदलत नाही. मुंबईचा दिक्पात मात्र शून्याच्या आसपास एखाद्या अंशाच्या मर्यादेत राहत आला आहे. अशा ठिकाणी अंशाचा आकडा लहान असतो आणि चिन्हच मुख्य माहिती देते. पूर्व अर्धा अंश आणि पश्चिम अर्धा अंश यांतील फरक पूर्ण एक अंशाचा होतो. एक अंश चुकलेल्या दिशेने साठ सागरी मैल गेलेले गलबत आपल्या वाटेपासून सुमारे एक मैल बाजूला जाते.

चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर १८९६ मध्ये नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेवरील ट्राम येणार असे ठरले, तेव्हा विद्युत्प्रवाहाने संवेदनशील सुयांवर परिणाम होईल हे ओळखून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबाग येथे नेण्यात आली. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली, आणि १९०७ मध्ये शहरात विजेची ट्राम धावू लागली. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची निरीक्षणे संकलित करून १९१० मध्ये प्रसिद्ध केली. जुन्या-नव्या स्थळांची निरीक्षणे जोडताना दोहोंतील अंतर किती आणि ते कोणत्या बाजूचे, हे दोन वर्षांच्या समांतर निरीक्षणांमुळे कळू शकले. दीर्घकालीन मालिका विश्वासार्ह राहण्यास असा काटेकोरपणा आवश्यक असतो.

६. कोनाचा आरंभ : पूर्व, उत्तर की दक्षिण?

आता वळणाच्या प्रश्नाकडे येऊ. त्रिकोणमितीत कोन पूर्वेकडील आडव्या अक्षापासून, काट्यांच्या विरुद्ध दिशेने धन मोजतात. खलाशी उत्तरेपासून पूर्वेकडे, म्हणजे काट्यांच्या दिशेने मोजतो. भारताच्या त्रिकोणमितीय महासर्वेक्षणात दिगंश दक्षिणेपासून पश्चिमेकडे मोजण्याची रीत होती. कुलाब्याच्या दांड्यावर उभे राहून बरोबर पूर्वेकडील एखादी खूण तिघांनी पाहिली, तर विद्यार्थी तिचा कोन शून्य सांगेल, खलाशी ९० अंश आणि सर्वेक्षक २७० अंश. तिघांची बोटे एकाच खुणेकडे असतील.

खलाशाच्या मापावरून विद्यार्थ्याचे माप काढावयाचे तर ते ९० मधून वजा करावे. उत्तर ऋण आल्यास ३६० मिळवावेत. येथे अध्यापनाच्या दृष्टीने एक सापळा आहे. ईशान्य दिशा दोन्ही रीतींत ४५ अंशच येते. नैर्ऋत्य दिशाही दोन्हीकडे २२५ अंश येते. केवळ ही उदाहरणे तपासून पाहणाऱ्या विद्यार्थ्यास दोन्ही रीती एकच आहेत असे वाटते, आणि आग्नेय दिशा येताच, जेथे एकीकडे १३५ व दुसरीकडे ३१५ अंश येतात, त्याचे उत्तर नेमके उलट बाजूस जाते. म्हणून संकेताची परीक्षा सममित उदाहरणावर कधीही घेऊ नये.

वरवर विरोधी दिसणाऱ्या या दोन वळणांमागे मात्र एकच नियम आहे : पहिल्या अक्षाकडून दुसऱ्या अक्षाकडे जाणारे वळण धन. गणितात पहिला अक्ष उजवीकडे व दुसरा वर, म्हणून वळण काट्यांच्या विरुद्ध. भूचुंबकत्वात पहिला अक्ष उत्तरेकडे, दुसरा पूर्वेकडे आणि तिसरा खाली पृथ्वीच्या पोटाकडे धन धरतात, म्हणून वळण काट्यांच्या दिशेने. हेच वळण जमिनीखालून पाहिले तर ते काट्यांच्या विरुद्धच दिसेल. म्हणजे फरक वळणात नसून पाहणाऱ्याच्या बाजूत आहे.

रेखांशांच्या बाबतीतही असाच द्वैतभाव दीर्घकाळ टिकला. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ग्रिनिच ही मूळ रेषा ठरवून पूर्व रेखांश धन व पश्चिम रेखांश ऋण धरावेत, असे ठरविले. तरीही खगोलशास्त्रज्ञांत पश्चिम रेखांश धन धरण्याची रीत चालू राहिली, कारण आकाश पश्चिमेकडे फिरते आणि नतकालही पश्चिमेकडे धन मोजतात. आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने १९८२ मध्ये पूर्व धन हा संकेत स्वीकारला, परंतु त्यानंतरही बेल्जियन गणिती जां मेउस यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथात पश्चिम धन ही जुनी रीत राखली. अशा ग्रंथातील सूत्र घेऊन मुंबईचे ७२ अंश ४९ कला हे रेखांश धन चिन्हाने भरणारा अभ्यासक मुंबईचे नव्हे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या रेखांशांचे गणित करीत असतो.

७. घड्याळातील एकोणचाळीस मिनिटे

रेखांशाचे चिन्ह शेवटी घड्याळात उतरते. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे. मद्रासची वेळ त्याहून सुमारे अर्धा तास पुढे. रेल्वे व तारखाते मद्रास वेळेवर चालत असल्यामुळे १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या काळात ती वेळ मुंबईवर लादण्याचा प्रयत्न झाला, आणि लोकांच्या विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. म्हणजे मुंबईच्या घड्याळात ३९ मिनिटे मिळवावयाची होती.

कागदावर ही केवळ धन ३९ आहे. गिरणगावात मात्र तिचे चिन्ह बदलते. उदाहरणादाखल सकाळी सहाचा भोंगा घेऊ. घड्याळ ३९ मिनिटे पुढे केल्यावर तोच सहाचा भोंगा जुन्या वेळेनुसार ५ वाजून २१ मिनिटांनी होईल. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय जुन्या वेळेनुसार साडेसहानंतर होतो. म्हणजे परळ-लालबागच्या चाळीतून निघणाऱ्या कामगारास सूर्योदयाच्या तासाभराहून अधिक आधी दारात हजर राहावे लागणार. घड्याळातील धन हे त्याच्या झोपेतील ऋण होते. जानेवारी १९०६ मध्ये गिरणी कामगारांत या बदलाविरुद्ध जो असंतोष उसळला, तो केवळ नव्याविषयीच्या अनास्थेतून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपल्या खात्यावरचे चिन्ह अचूक वाचले होते.

त्याच वर्षी महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबई वेळच ठेवण्याचा निर्णय घेतला, आणि ही दुहेरी व्यवस्था १९५५ पर्यंत टिकली. जवळजवळ अर्धे शतक मुंबईकरास ‘कोणती वेळ?’ हा प्रश्न विचारावा लागे. हा गैरसोयीचा काळ होता, यात शंका नाही. परंतु त्यात एक गुणही होता : वेळ सांगताना ती कोणत्या रेषेवरून मोजली आहे, हे सांगण्याची सवय लोकांना होती.

८. निष्कर्ष

१) कोन व दिशा यांच्या धन-ऋण संकेतांत निसर्गनियम नसून सामाजिक करार असतो. मुंबईतील सावलीचे वर्षातून बदलणारे वळण आणि अक्षांशांस मिळालेली ‘उत्तर’ व ‘दक्षिण’ ही दोन्ही नावे याची साक्ष देतात.

२) सिद्धांत-परंपरेने दिशेचे नाव संख्येबरोबर ठेवले, त्यामुळे करार डोळ्यांआड झाला नाही. आधुनिक गणिताने तो करार एका रेघेत साठविला. त्यामुळे गणन जलद झाले, सूत्रे व्यापक झाली. परंतु करार विसरण्याची शक्यताही वाढली. यास्तव जुन्या रीतीचा त्याग किंवा नव्या रीतीचा धिक्कार यांपैकी काहीच योग्य नाही. नव्या चिन्हास जुन्या शब्दाची जोड देणे योग्य होय.

३) दोन परंपरा एकत्र आणताना संख्येबरोबर चिन्हाचेही भाषांतर करावे लागते. सूर्यसिद्धांत व सिद्धांतशिरोमणी यांतील केंद्राचे उदाहरण दाखविते की दोन भिन्न संकेत प्रत्येकी निर्दोष असतात. त्यांची सरमिसळ मात्र सदोष असते.

४) चिन्हाचा दोष हा विद्वानांपुरता मर्यादित नसतो. पंचांगातील २४ मिनिटे सणाचा दिवस बदलू शकतात आणि घड्याळातील ३९ मिनिटे कामगाराची पहाट. म्हणून संकेत बदलणाऱ्याने तो बदल कोणाच्या खात्यावर धन व कोणाच्या खात्यावर ऋण पडतो, हे पाहणे त्याचे कर्तव्य ठरते.

५) अध्यापनाच्या दृष्टीने, ‘काट्यांच्या विरुद्ध दिशा धन’ हे वाक्य पाठ करवून घेण्यापूर्वी विद्यार्थ्यास तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी : आरंभरेषा कोणती, वळण कोणत्या बाजूचे आणि पाहणारा कोठे उभा आहे? दुरुस्तीच्या गणितात चौथा प्रश्न जोडावा : ही राशी कशात मिळवावयाची आहे? ही उत्तरे वहीच्या समासात लिहून ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या हातातील चिन्ह कोणत्या कराराचे आहे, हे नेहमी ठाऊक राहील.